मुलांची बीफ कार्कस स्पर्धा: रिंगणातली फीत आणि शीतगृहातला निकाल

माणगंगा (नेब्रास्का)

आमच्या काउंटी फेअरमधल्या (जिल्ह्याच्या जत्रेतल्या) कार्कस स्पर्धेचे, म्हणजे कत्तलीनंतरच्या धडाच्या स्पर्धेचे, निकाल नुकतेच लागले. तो कागद हातात आल्यापासून या विषयावर मराठीत कुणाशी तरी बोलायचं होतं, म्हणून हा धागा काढते आहे. नेब्रास्का, आयोवा, कॅन्सस या पट्ट्यातल्या काही मराठी घरांतली मुलं फोर-एचला जातात. रोबोटिक्स, फोटोग्राफी, परसबाग इथपर्यंत आईवडील आनंदाने सोडायला जातात. पोरगी 'मला बीफ प्रोजेक्ट घ्यायचाय' म्हणाली की मात्र घरात दोन तट पडतात. आमच्याकडे पडले. माझे वडील आटपाडी तालुक्यातले, खिलार खोंड सांभाळून खरसुंडीच्या जत्रेत नेणारे. गोठ्याची सवय मला लहानपणापासून आहे, पण आमच्या दावणीचं जनावर औतासाठी आणि शर्यतीसाठी असायचं, खाण्यासाठी नाही.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. फोर-एचची सुरुवात १९०२ साली ओहायोतल्या क्लार्क काउंटीत शाळकरी मुलांच्या मंडळातून झाली. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानंतर ते काम विद्यापीठांच्या कृषी विस्तार विभागांकडे आलं. शाळेत शेतकी शिकणाऱ्या मुलांची एफएफए ही संघटना १९२८ ची, कॅन्सस सिटीत स्थापन झालेली. दोन्हीकडे मुलं जनावर घेतात, वाढवतात, खर्चाची वही लिहितात आणि फेअरला आणतात. बीफ प्रोजेक्टमध्ये बहुधा स्टिअर असतो, म्हणजे खच्ची केलेला गोऱ्हा. दूध सुटलेलं पाचशे-सहाशे पौंडांचं वासरू थंडीच्या तोंडावर घ्यायचं. हिवाळ्यात त्याचं अधिकृत वजन होतं, कानात बिल्ला बसतो, काही ठिकाणी नाकाचा ठसाही घेतात, कारण प्रत्येक जनावराच्या नाकावरच्या रेषा वेगळ्या असतात. मग उन्हाळ्यातल्या फेअरपर्यंत मका, पेंड, गवत यांचं गणित जमवत रोज तीन-साडेतीन पौंडांनी वजन वाढवत न्यायचं. खुराक एकदम वाढवला की पोट फुगतं, आम्लता होते, जनावर आठवडाभर खाणं सोडतं. हे पोरांना वहीतून नाही, गोठ्यातच कळतं.

फेअरमध्ये आधी रिंगण. मुलं स्टिअरला धुऊन, केस फुलवून, काठीने पाय सारखे करून उभं करतात. जज त्याला चालताना बघतो, पाठीवरून आणि बरगड्यांवरून हात फिरवून चरबी चाचपतो आणि शेवटी एकाच्या पुठ्ठ्यावर थाप मारतो. तो चॅम्पियन.

कार्कस स्पर्धा त्यानंतरची. नाव दिलेले स्टिअर कत्तलखान्यात जातात. धड शीतगृहात एक-दोन दिवस टांगलं की बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मध्ये छेद देतात. तिथे पाठीच्या स्नायूची जी चकती उघडी पडते, रिबआय, ती त्या जनावराची उत्तरपत्रिका. तिचा आकार मोजतात, तिच्यावरचा चरबीचा थर मोजतात आणि मांसात विखुरलेली चरबी, म्हणजे मार्बलिंग, बघतात.

लेकीचा स्टिअर रिंगणात आपल्या गटात मागे राहिला होता. कार्कसचा कागद असा आला: जिवंत वजन १,३४० पौंड, कार्कस ८३० पौंड, चरबीचा थर ०.४५ इंच, रिबआय १४.१ चौरस इंच, दर्जा चॉइस, यील्ड ग्रेड (विकण्याजोगं मांस किती निघेल याची श्रेणी, आकडा कमी तितकं मांस जास्त) २.७. त्याच गटात जांभळी फीत मिळवलेला देखणा, ताठ पाठीचा स्टिअर फक्त पाव इंच चरबीचा निघाला. रिबआय त्याची मोठी, १५.५. पण मार्बलिंग कमी, म्हणून दर्जा सिलेक्ट, म्हणजे चॉइसच्या खालचा. बाजारात त्याला किलोमागे कमी पैसे.

मला त्या दुसऱ्या मुलाचं वाईट वाटलं. त्यानेही वर्षभर कष्ट केले होते आणि त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की जनावर अजून भरायचं आहे. म्हणून माझं म्हणणं असं आहे: विक्रीसाठीचं जनावर फेअरला आणणाऱ्या प्रत्येक मुलाला हा कागद मिळाला पाहिजे. आमच्याकडे स्पर्धा ऐच्छिक आहे, मोजकीच मुलं नाव देतात. रिंगणातली फीत भिंतीवर लागते आणि पुढच्या वर्षी तेच मूल तसाच स्टिअर निवडतं.

तुमच्याकडे कसं आहे? विशेषतः या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी जरूर लिहा.

---

ऋतुगंध

फार मोकळेपणाने लिहिलंय. आकडे नंतर समजून घेईन, मला आधी लेकीबद्दल विचारायचंय. इतके महिने रोज हाताने खाऊ घातलेलं जनावर… तिने ते कसं सोसलं? माझा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि त्याचा मित्र याच प्रोजेक्टमध्ये आहे, म्हणून घरी विषय निघतोच आहे.

---

माणगंगा

@ऋतुगंध, ती रडली. ट्रेलरमध्ये चढवताना दावं सोडायचं काम तिचंच होतं, ते तिने केलं आणि मग गोठ्यामागे जाऊन खूप रडली. मी अडवलं नाही आणि समजूतही घातली नाही. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आमच्या क्लबच्या बाईंचा नियमच आहे: वासरू निवडायला जाताना गाडीतच मुलांना शेवट सांगायचा. ज्यांना नको वाटतं ती मुलं पैदाशीसाठी कालवड घेतात, त्यात कुणी कमीपणा मानत नाही.

मला वाटत होतं की कार्कस बघायला ती येणार नाही. ती आली. पांढरा डगला, केसांवर जाळी, डोक्यावर हेल्मेट. आत चांगलाच गारठा होता. बिल्ल्याचा नंबर वाचून तिने स्वतः आपला स्टिअर शोधला. विस्तार विभागाच्या माणसाने तिच्या हातात ठिपके छापलेली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी दिली. ती रिबआयवर ठेवून आतले ठिपके मोजायचे, म्हणजे चौरस इंच निघतात. कडेचे अर्धवट ठिपके धरायचे की नाही यावरून तिचा आणि त्यांचा चांगला वाद झाला. परत येताना ती मला चरबीच्या थराबद्दल सांगत होती, जूनमध्ये खुराक कमी केला नसता तर काय झालं असतं ते विचारत होती. दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. पण ज्याला तिने वाढवलं त्याच्याकडे तिने पाठ फिरवली नाही, याचा मला अभिमान आहे.

---

विनू_मॅनहॅटन_कॅन्सस

(न्यूयॉर्कचं मॅनहॅटन नव्हे, कॅन्ससमधलं.) मी मीट सायन्समध्ये, म्हणजे मांसविज्ञानात, काम करतो आणि फेअरच्या कार्कस निकालांना मदत करतो, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

अमेरिकी कृषी खात्याची बीफ प्रतवारी १९२७ पासून चालू आहे. ती दोन वेगळ्या गोष्टी सांगते आणि मुलांचा गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो. क्वालिटी ग्रेड सांगते की खाणाऱ्याला मांस किती रसाळ, चवदार लागेल. यील्ड ग्रेड सांगते की त्या धडातून विकण्याजोगं मांस किती निघेल.

क्वालिटीत जनावराचं वय आणि मार्बलिंग बघतात. फेअरचे स्टिअर साधारण दीड वर्षाच्या आतबाहेरचे, म्हणून वयाचा प्रश्न सहसा येत नाही. उरतं मार्बलिंग. 'स्लाइट' असेल तर सिलेक्ट. 'स्मॉल', 'मॉडेस्ट', 'मॉडरेट' या तिन्हींना चॉइस, पण बाजार या तिघांना सारखं मानत नाही. १९७८ साली सुरू झालेला सर्टिफाइड अँगस बीफ हा ब्रँड 'मॉडेस्ट' किंवा त्यावरचंच घेतो. 'स्लाइटली अबंडंट' आणि वर गेलं की प्राइम.

यील्ड ग्रेड १ ते ५, १ म्हणजे सर्वात जास्त मांस. हिशोब कागद-पेन्सिलीने होतो आणि मुलांनी तो एकदा तरी हाताने करावा. २.५ पासून सुरुवात करा. चरबीच्या दर दशांश इंचाला ०.२५ मिळवा. मूत्रपिंड, हृदय आणि ओटीपोटाभोवतालची चरबी धडाच्या जितके टक्के असेल त्याच्या दर टक्क्याला ०.२ मिळवा. गरम कार्कसच्या, म्हणजे थंड होण्याआधीच्या धडाच्या, दर शंभर पौंडांना ०.३८ मिळवा. शेवटी रिबआयच्या दर चौरस इंचाला ०.३२ वजा करा. माणगंगाताईंच्या लेकीचा स्टिअर: आतली चरबी २ टक्के धरली तर २.५ + १.१२५ + ०.४ + ३.१५४ − ४.५१२, म्हणजे २.६७. त्यांचा २.७ बरोबर जुळतो. त्या दुसऱ्या मुलाचा, कार्कस ८५० पौंड धरलं तर, १.८ च्या आसपास येईल. म्हणजे मांस त्याचं जास्त, चव-रसाळपणात मागे.

आता अडचण लक्षात येते का? चरबी वाढवली की मार्बलिंग वाढण्याची शक्यता वाढते आणि यील्ड ग्रेड बिघडतो. या दोन्हींच्या मधून वाट काढणं हीच खरी पशुपालकाची परीक्षा आहे. आनुवंशिकता, खुराक आणि दिवस, तिन्ही जमावे लागतात. रिंगणात जज हाताने चरबीच्या थराचा अंदाज घेऊ शकतो, शेपटीच्या मुळाशी आणि छातीखाली भरलेपणा बघू शकतो. मार्बलिंग मात्र कातडीवरून कुणालाच दिसत नाही. म्हणून धागाकर्तीच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच फितीवर लिहिलेली नसते. कत्तलीआधी जनावर घाबरलं, अनोळखी जनावरांत मिसळून झुंजलं, उन्हात लांबचा प्रवास झाला, तर स्नायूतलं ग्लायकोजेन संपतं. एरवी कत्तलीनंतर त्याचंच लॅक्टिक आम्ल होऊन मांसाचा पीएच साडेपाचच्या आसपास उतरतो. ग्लायकोजेनच नसेल तर पीएच सहाच्या वर राहतो आणि छेद दिल्यावर लालचुटुक रंगाऐवजी काळपट, चिकट मांस दिसतं. याला डार्क कटर म्हणतात. मांस लवकर खराब होतं, दर्जा उतरतो, भाव पडतो. वर्षभर उत्तम सांभाळलेला स्टिअर शेवटच्या दिवसाच्या हेळसांडीने असा निघालेला मी पाहिलाय. तो मुलगा माझ्यासमोर उभा होता आणि त्याची त्यात काही चूक नव्हती. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या टेंपल ग्रँडिन यांनी जनावरं न बिथरता पुढे सरकतील असे वळणदार मार्ग आखले, त्यामागे दया तर आहेच, पण हा हिशोबही आहे.

इंजेक्शनचंही तसंच. लस मानेत टोचायची, पुठ्ठ्यात नाही. पुठ्ठ्यात टोचलेल्या जागी गाठ राहते आणि ती कुणाच्या तरी ताटात सापडते.

---

औदुंबरवासी

सगळं वाचलं. माहिती म्हणून मोलाची आहे, नाकारत नाही. पण मन मानत नाही, हे प्रांजळपणे लिहितो. आमच्या घरी बैलपोळ्याला बैलांची पूजा होते. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येला बंदी आली, २०१५ पासून बैल-वळूंनाही ती लागू झाली. आपल्या मुलांना परदेशात गेल्यावर हेच शिकवायचं का? शेळ्या-मेंढ्यांचे, भाजीपाल्याचे प्रोजेक्टही असतातच ना? कुणाचा अवमान करायचा हेतू नाही.

---

माणगंगा

@औदुंबरवासी, अवमान वाटला नाही. माझ्या आईने हेच विचारलं होतं आणि अजूनही तिला हे आवडलेलं नाही. मीही तिला पटवत बसत नाही. आमच्या घरात ज्यांना खायचं नाही ते खात नाहीत, लेकीने आजीसमोर तो विषय काढायचा नाही हे तिचं तिनेच ठरवलंय.

पण ती ज्या गावात वाढते आहे, तिथे शाळेतल्या तिच्या मैत्रिणींचं घर गुरांवर चालतं. गाई-गुरांशी आपलं नातं पूजेचं आणि कष्टाचं आहे, त्यांचं कष्टाचं आणि बाजाराचं. पहाटे थंडीत पाणी गोठलं म्हणून कुऱ्हाडीने बर्फ फोडायला ती उठायची, ते मला माझ्या वडिलांच्या घरचंच वाटलं. तुमच्या श्रद्धेचा मान राखूनच हे लिहिते आहे. ज्याच्या घरी हे चालणार नाही त्याने दुसरा प्रोजेक्ट निवडावा, इथे कुणी सक्ती करत नाही.

---

विनू_मॅनहॅटन_कॅन्सस

यात एक दुवा सांगायचा राहिला. टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंतच्या उष्ण भागात जी वशिंडाची ब्रह्मन गुरं दिसतात, ती आपल्याकडच्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोऱ्यातल्या गुरांपासून तयार झाली. त्यांच्या पैदासकारांची संघटना १९२४ ची. उन्हाला, गोचिडांना ती तोंड देतात. पण कार्कस स्पर्धेत वशिंडाच्या रक्ताचं जनावर मागे पडतं. मार्बलिंग कमी असतं, आणि कत्तलीनंतर मांस मऊ करणाऱ्या कॅल्पेन विकरांना रोखणारं कॅल्पास्टॅटिन त्यात जास्त असतं, म्हणून मांस चिवट राहतं. वर सांगितलेल्या अँगस ब्रँडमध्ये दोन इंचांहून उंच वशिंड चालत नाही. कृष्णाकाठची जात चिवट कामासाठी घडली होती, ताटासाठी नाही, त्याचा हा परिणाम.

---

ह्यूस्टनचा_बाप

टेक्साससारखं चित्र क्वचितच कुठे असेल, म्हणून लिहितो. ह्यूस्टनच्या लाइव्हस्टॉक शोमध्ये २०२२ साली ग्रँड चॅम्पियन स्टिअरला लिलावात दहा लाख डॉलर मिळाले. हा मांसाचा भाव नाही. दानशूर लोक मुलांच्या शिक्षणासाठी बोली लावतात आणि त्याबद्दल मला आदरच आहे. माझ्या मुलीच्या मैत्रिणीचं कॉलेज असल्याच एका, खूप लहान, लिलावाने सोपं केलं.

पण जिथे एवढा पैसा दिसण्यावर मिळतो तिथे दिसणं खोटं करायचा मोह होतो. क्लेनब्युटेरॉल नावाचं औषध देऊन चरबी उतरवणं, कातडीखाली तेल टोचून खळगे भरणं, असले प्रकार या देशात घडले आणि पकडले गेले आहेत. क्लेनब्युटेरॉल खाण्याच्या जनावरांना देणं इथे बेकायदा आहे. म्हणूनच मोठ्या शोमध्ये चॅम्पियनची कत्तल होऊन तपासणी होते. मूल स्वतः असं करत नाही. मागे मोठी माणसं असतात. त्या मुलाच्या हातून फीत काढून घेतली जाते तेव्हा त्याला काय वाटत असेल, याने माझा जीव कळवळतो.

एक विचारू का? आमच्याकडे काही ठिकाणी जिवंत जनावराची सोनोग्राफी करून रिबआय आणि चरबी मोजतात. कत्तलीची वाट न बघता निकाल मिळतो. ते पुरेसं नाही का?

---

विनू_मॅनहॅटन_कॅन्सस

@ह्यूस्टनचा_बाप, मुलांना शिकवायला उत्तम, आणि पैदाशीचं जनावर निवडायला तर हवंच. चरबीचा थर आणि रिबआय बऱ्यापैकी अचूक कळतात. मार्बलिंगचा अंदाज यंत्र आणि हाताळणाऱ्याच्या कौशल्यावर ठरतो. डार्क कटर, सुईची गाठ, मार लागून काळंनिळं झालेलं मांस यातलं काहीच सोनोग्राफीत दिसत नाही. माझ्या मते दोन्ही करावं. मेमध्ये सोनोग्राफी, म्हणजे खुराक बदलायला वेळ मिळतो, आणि शेवटी कार्कस.

ज्यांच्या मुलांना जनावर सांभाळायला जागा नाही त्यांनी मीट जजिंगचा विचार करावा. चार धडं समोर टांगलेली असतात, त्यांचा क्रम लावायचा आणि का लावला ते सांगायचं. महाविद्यालयांमधली अशी पहिली स्पर्धा १९२६ साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय पशुप्रदर्शनात झाली. एका गटाला पन्नास गुण, आणि क्रम चुकला तर चूक किती मोठी त्यावर गुण कापतात. अगदी जवळजवळ सारख्या दोन धडांची अदलाबदल झाली तर थोडेच कापतात, ढळढळीत चुकलं तर भरपूर. हा न्याय मला फार आवडतो.

---

येडशीचा_शेळीपालक

धाराशिवकडून लिहितोय. माझ्याकडे उस्मानाबादी शेळ्या आहेत. हा धागा वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो. आमच्या प्रदर्शनांत बोकडाला बक्षीस मिळतं ते उंचीला, कानाला, चमकदार काळ्या रंगाला. बकरी ईदच्या बाजारातही दिसण्यावरच भाव. कापल्यावर किती मटण पडलं हे खाटकाला माहीत असतं, मला नाही. मी दरवर्षी बोकड निवडतो तो डोळ्याने. माझ्या निवडीने कळपात मटण वाढतंय की कमी होतंय हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. गावातल्या शेतकी शाळेच्या पोरांना घेऊन असं काही करता येईल का? यंत्रं नाहीत, शीतगृह नाही. फार तर खाटीक ओळखीचा आहे आणि तो मदत करेल.

---

माणगंगा

@येडशीचा_शेळीपालक, तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. जरूर करा. विनू, तुम्हीच सांगा यांना कसं करायचं.

---

विनू_मॅनहॅटन_कॅन्सस

नक्की करता येईल आणि खर्च जवळजवळ नाही.

शेळीत मार्बलिंग बघू नका. शेळीची चरबी आधी आतड्यांभोवती आणि मूत्रपिंडांभोवती साठते, मांसात फार कमी येते. तुम्ही चार गोष्टी लिहून ठेवा. एक, आदल्या रात्री चारा बंद करून, पाणी चालू ठेवून सकाळचं जिवंत वजन. पोट भरलेलं असताना वजन घेतलं तर पुढचा सगळा हिशोब फसवा येतो. दोन, कातडी, मुंडी, पाय आणि आतडी काढल्यावर लगेच धडाचं वजन. या दोघांचं गुणोत्तर म्हणजे उतारा. तीन, मूत्रपिंडांभोवतालची चरबी वेगळी काढून वजन करा. हा खुराक वाया गेल्याचा पुरावा असतो. चार, तुमच्या खाटकाला विनंती करा की बाराव्या-तेराव्या बरगडीमध्ये सरळ, एका घावात छेद द्यायचा. त्या चकतीवर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने कडा गिरवा आणि घरी येऊन आलेख कागदावर चौकोन मोजा.

जन्मतारीख, आई, बाप आणि शेवटच्या दोन महिन्यांचा खुराक प्रत्येक नोंदीसमोर असलाच पाहिजे, नाहीतर आकड्यांचा उपयोग नाही. एकाच बोकडाची पाच-सहा पिल्लं झाली की तुम्हाला फरक दिसायला लागेल. पोरांना आधी जिवंत बोकडांचा क्रम लावायला सांगा, तो लिहून पाकिटात बंद करा आणि मग धडांचा क्रम लावा. पाकीट त्यांच्यासमोरच उघडा.

पहिल्या नोंदी झाल्या की इथेच टाका, मी तपासून देतो.

---

येडशीचा_शेळीपालक

मनापासून आभार. शाळेच्या सरांशी उद्या बोलतो. बटर पेपर तालुक्याला मिळतो. काटा डिजिटल आहे माझ्याकडे, पन्नास किलोपर्यंतचा. एकच विचारायचं राहिलं: उतारा काढताना मूत्रपिंडं आणि त्याभोवतीची चरबी धडाच्या वजनात धरायची की आधी काढायची? आमच्याकडे काहीजण काढतात, काहीजण ठेवतात.

---

विनू_मॅनहॅटन_कॅन्सस

काहीही चालेल, पण सगळ्या बोकडांना एकच पद्धत. तुम्ही ती ठेवूनच धडाचं वजन करा आणि नंतर वेगळी काढून दुसऱ्या रकान्यात लिहा. म्हणजे दोन्ही आकडे हाताशी राहतील.